उष्टे महाराजांचा घास

हे कुणाला सांगायचं नाही, असं नलूआत्याने मला तीनदा बजावलं होतं. घास घेतलेल्या माणसाने तोंडातून त्याबद्दल चकार शब्द काढायचा नसतो. मी काढत नाहीये. मला आता बोलताच येत नाही, म्हणून लिहिते आहे.

मे महिन्यातल्या शेवटच्या बुधवारी आत्या मला भोरहून एसटीने भाटघरला घेऊन गेली. कारण एवढंच की मी फार कमी बोलते. सायकलवरून पडून माझा समोरचा एक दात तिरका तुटला, तेव्हापासून मी तोंडावर हात धरूनच बोलायचे. यंदा दहावीच्या तोंडी परीक्षेत तर एक शब्दही फुटला नाही. ते कळल्यावर आई रात्री न जेवता झोपली.

"तुझा बाप भोरात खोकला तर कामथडीला ऐकू जातं," आत्या म्हणाली. "आन् तू ही अशी मुकी मैना. चल, महाराज बोलकं करत्यात."

धरणाचं पाणी खूप खाली गेलं होतं. उष्टे महाराजांची समाधी वर्षातले दहा महिने पाण्याखाली असते, उन्हाळ्यात तेवढी वर येते. भेगाळलेल्या गाळातून आम्ही चालत होतो. मेलेल्या माशांचा वास नाकात नाही, जिभेवर जाणवत होता. आत्या महाराजांच्या गोष्टी सांगत होती. ते प्रत्येक घास आधी स्वतः चावायचे आणि तोंडातून काढून दुसऱ्याला भरवायचे, कुत्र्याला, महारोग्याला, कुणालाही. पटकीच्या साथीत ज्यांनी त्यांचं उष्टं खाल्लं ते जगले. भोंगवलीची एक जन्ममुकी पोर तो घास गिळल्यावर बोलली.

"काय बोलली?" मी हाताआडून विचारलं.

"अजून, म्हणाली. अजून द्या." आत्याने हात जोडले. "समाधीला बसले तवाबी तोंडात घास व्हता. त्यो अजून गिळला न्हाई, म्हनत्यात."

समाधी म्हणजे दगडाचा चौथरा, शेवाळ वाळून काळा पडलेला. तिथे फुलाबाई नावाची म्हातारी बसली होती, तिथली पूजा तिच्याकडे. तिने आत्याने आणलेली बाजरीची भाकरी चौथऱ्यावर ठेवली, वर टोपली झाकली आणि आम्हा दोघींना पाठ करून बसायला सांगितलं.

भर दुपार होती. एक पाखरू ओरडत नव्हतं. मग चपचप असा आवाज सुरू झाला... सावकाश, ओला, तोंड उघडं ठेवून जेवणाऱ्या माणसासारखा. ही म्हातारीच चावते आहे, हे मी तेव्हाच ओळखलं आणि तिला पकडायचं म्हणून मान वळवली.

फुलाबाई माझ्या मागेच होती, चौथऱ्याकडे पाठ करून. माझ्याकडे बघून ती हसली. तिच्या तोंडात एकही दात नव्हता. आवाज चालूच होता.

"बघू न्हाई, पोरी," ती हळूच म्हणाली. "जेवत्यात."

टोपली उचलली तेव्हा भाकरीचा एक लचका तुटलेला होता आणि बाजूला लिंबाएवढा गोळा पडला होता. करडा, गाळ मिसळलेला. फुलाबाईने तो उचलला तशी दगडापासून लाळेची तार ताणली गेली. आत्याने माझा हात तोंडावरून काढला, नाक दाबलं. घास आत गेला. तो कोमट होता. उन्हाने तापला असेल, असं मी मनाला सांगितलं. पण दगडाचा चटका आणि तोंडाची ऊब यांतला फरक कळतो.

"गिळलास?" आत्याने विचारलं.

मी मान हलवली. ते खोटं होतं. घास मी गालात धरून ठेवला आणि स्टँडवर आत्या नळाला गेल्यावर रुमालात थुंकला. घरी येऊन चार वेळा दात घासले. रुमाल फेकायचा होता, पण कुणाला सापडेल या भीतीने माझ्या खोलीतल्या टेबलाच्या कप्प्यात कोंबला.

तिसऱ्या दिवशी आईने स्वयंपाकघरातून विचारलं, "चहा घेतेस का गं?" माझ्या खोलीतून खणखणीत उत्तर गेलं, "हो आई, आणि बटर पण." आवाज माझा होता. मी मात्र तोंड उघडलं नव्हतं. आईने डोळे पुसले आणि आत्याला मोबाईल लावला.

त्या दिवसापासून माझ्या गळ्यातून नुसती हवा येते. आईसमोर मी हसते, मान डोलावते, खोलीत पळते आणि मग कप्पा तिच्याशी गप्पा मारतो. ती इतकी खूश आहे की तिला काही लिहून दाखवायला हात धजत नाही.

काल आत्या सांगत होती की पाऊस लागून धरणाचं पाणी चढायला लागलंय, दोन दिवसांत समाधी बुडेल. त्याआधी हा घास गिळला तर माझा आवाज मला परत मिळेल, असं मला वाटतं. म्हणून आज रुमाल उघडून समोर ठेवला आहे. अकरा दिवस झाले, घास अजून ओला आहे. मुंग्या भोवती रिंगण धरून थांबल्या आहेत, एकही शिवत नाही. मघाशी दोनदा तो ओठांपर्यंत नेला आणि दोन्ही वेळा परत रुमालात ठेवला. आता नीट बघितलं तर त्याच्यावर ताजे दात उमटलेत. पुढच्या एका दाताची खूण अर्धीच आहे, तिरकी. मी जीभ माझ्या तुटक्या दातावरून फिरवून पाहिली.

आईची हाक आली. "चैत्राली, पान वाढलंय, ये." मी उठायच्या आत रुमालातून कुणीतरी माझ्याच आवाजात म्हणालं, "आले आई. आज अजून वाढ."