शेवंडींचा खडक आणि जावयाचा पिंजरा

जावयाला नावं ठेवू नयेत म्हणतात. पण माझा जावई इंद्रनील त्या दिवशी जसा वागला, ते झाकून ठेवण्यासारखं नाही. मोहिमेला निघताना त्याने होडीत शेवंड, म्हणजे लॉबस्टर, धरायचा पिंजरा चढवला, वर टॉवेल टाकला आणि मला सांगितलं की खाली लाइफ-जॅकेटं आहेत. मी मालवणच्या मच्छीमार तांडेलाची बायको! टॉवेलखालचा पिंजरा मला ओळखू येणार नाही? पण जावई माणूस, म्हणून गप्प बसले. माझी चूक तिथेच झाली.

२०१८चा फेब्रुवारी. मी न्यूझीलंडला लेकीकडे होते. ऑकलंडच्या उत्तरेला, किनाऱ्यापासून तासभर आत एक काळा खडक आहे. तिथे जाऊन कीना फोडायचे, एवढीच आमची मोहीम. कीना म्हणजे तळाच्या दगडाला चिकटून राहणारे, मुठीएवढ्या काटेरी गोळ्यासारखे जीव. माझी नात ऋग्वेदा, इंद्रनीलची लेक, युनिव्हर्सिटीत समुद्राचं शिकते. परवानगीचा कागद तिच्या नावाचा. तिचा सोबती तापाने पडला, म्हणून होडी बापाची आणि पहारा माझा.

मी शाळा शिकले दुसरीपर्यंत, पण पोरीने सांगितलेलं मला लगेच उमगलं. मोठी शेवंड कीना फोडून खाते. माणसांनी मोठ्या शेवंडी उपसल्या, कीना माजले, आणि पाण्याखालचं पुरुषभर उंच शेवाळाचं रान त्यांनी बुडापासून कुरतडलं. रान गेलं तशी त्यात वाढणारी मासळीची पिल्लंही गेली. या खडकाच्या एका कपारीत पाच-सहा थोराड शेवंडी कशाबशा उरल्या होत्या. ऋग्वेदाने हातोड्याने कीना कमी करायचे आणि पुढची राखण त्या शेवंडींनी करायची. त्या गेल्या तर पोरीची दोन वर्षांची मेहनत फुकट.

पोहोचल्यावर वाकून पाहिलं. पाणी नितळ, आणि तळ भादरलेल्या डोक्यासारखा बोडका! नुसता दगड आणि त्यावर हजारो काळे काटे.

ऋग्वेदाने दम भरून बुडी मारली. थाड! थाड! कवचं फुटत होती, पिवळा गर पाण्यात पसरत होता, बारके मासे त्यावर तुटून पडत होते. दहाव्या बुडीला एक काटा हातमोज्यातून तळव्यात घुसला. तिने तो दातांनी ओढून काढला, “स्टिल हीप्स लेफ्ट, आजी, अजून ढिगाने आहेत,” म्हणाली आणि परत खाली गेली.

दुपारी वारा ईशान्येला फिरला. लाटा चढू लागल्या. आता निघू या म्हणून मी मागे वळले, तर इंद्रनील दोर ओढत होता! मी पोरीकडे बघत असताना त्याने पिंजरा कपारीपाशी सोडला होता. रविवारी त्याचा साहेब जेवायला येणार होता आणि याने शेवंड कबूल केली होती. दहाच मिनिटं थांबा, म्हणाला.

दर्या थांबला नाही. एक लाट आली आणि नांगर सुटला. होडी खडकाकडे धावली! इंद्रनील हातातला दोर तसाच टाकून पुढे पळाला आणि त्याने इंजिन चालू केलं. नेमकी तेव्हाच ऋग्वेदा वर येत होती. सैल दोराचा फास तिच्या घोट्याला बसला, मधला पदर इंजिनाच्या पंख्याने पकडला. खर्रर्र! पोर उलटी पंख्याकडे ओढली गेली!

मी किल्ली फिरवून इंजिन बंद केलं. होडी खडकावर आदळली. पत्रा चेपला. पाणी आत आलं. मी मासळीचा सुरा घेऊन मागच्या काठावर पालथी पडले आणि दोर कापला. एक घाव. दोन. तिसऱ्याने माझाच अंगठा उघडला, पण दोर तुटला! पोरीचे केस धरून तिला आत ओढली. घोट्याची कातडी सोलून निघाली होती; ती खारं पाणी ओकत होती.

इंद्रनील वल्ह्याने खडकाला रेटत होता. वल्हं मोडलं, तो तोंडावर आपटला, ओठ फाटला. मी पंख्यात अडकलेला दोर तुकडे तुकडे करून उपटला. इंजिन लागलं. आम्ही कसेबसे खडकाच्या आडोशाला आलो.

आणि तिथे पाहते तर काय! पोरीच्या पायाचा फास सोडवून याने पिंजऱ्याकडचा तो तुटका दोर होडीला बांधून ठेवला होता. आता पिंजरा वर घेतला. आत पाच शेवंडी. सगळ्यांत मोठीच्या शेपटीखाली अंड्यांचा घोस. माझा नवरा असली शेवंड हातात येताच परत सोडायचा, घरात चूल पेटलेली नसली तरी.

“आई, इतकं सोसलंच आहे तर दोन तरी ठेवू,” तो रक्त पुसत म्हणाला. “कुणाला कळणार आहे?”



मी पिंजऱ्याचं दार उघडलं. शेवंडींनी शेपट्या आपटून माझे तळवे फाडले. एकेक करून त्या पाण्यात सोडल्या. शेवटच्या अंडीवालीवर त्याने हात घातला, तेव्हा मी त्याच्या मनगटावर सुऱ्याची मूठ हाणली. हात सुटला. ती गेली खाली, खडकाकडे.

मग मी त्याच्यासमोर बसले.

“इंद्रनीलराव, घरात पहिलं पान तुमचं, ते तुमचंच राहील. पण दर्यावर तुम्ही पोटची पोर राखली नाहीत. आजपासून या होडीची किल्ली ऋग्वेदाकडे. तुम्हाला यायचं असेल तर पाणी उपसायला या. आणि रविवारी साहेबाला वरण-भात वाढा.”