चंद्र मोठा यावा म्हणून

वेर्बा गावच्या चर्चखालच्या तळघरात सुगीचं जेवण उरकलं, तेव्हा बाहेर अजून ऊन होतं. लांबलचक टेबलांवर कोबीच्या पानात भात भरून केलेल्या गुंडाळ्यांची रिकामी भांडी पडली होती. मोरीपाशी बायका बाह्या सारून पातेली घासत होत्या आणि बोलणं आपसूक चंद्रावर आलं होतं. कापणीनंतरची पौर्णिमा. सस्काचेवान प्रांताच्या त्या सपाट मुलखात ती दरवर्षी बैलगाडीच्या चाकाएवढी उगवायची, आणि दरवर्षी ओरिस्या सगळ्यांना सांगायची की ती एवढी नसतेच.

ओरिस्याचा स्टुडिओ गावातला एकुलता एक. घराघरांत भिंतीवर टांगलेली लग्नं तिनेच टिपलेली. तिला अशा गोष्टी नेमक्या ठाऊक असत. हात लांब करा, करंगळी उभी धरा. चंद्र शेतावर असो की डोक्यावर, तो करंगळीच्या नखामागे जातो. फसतो तो डोळा. फोटोत चंद्र मोठा दाखवायचा तर लांब पल्ल्याचं भिंग लावून समोरच्या वस्तूपासून दूर जायचं. वस्तू लहान होत जाते, चंद्र आहे तेवढाच राहतो.

"म्हणजे चंद्र मोठा होतच नाही," तिची नणंद तेकला पातेलं पुसत म्हणाली. "माणसं लहान होतात."

"तसंच म्हण."

"मग माझ्या भावाला बेतानं लहान कर बाई. तसाही तो घरात उरलाय कितीसा?"

बायका हसल्या. ओरिस्याही हसली, पण ते तिला लागलं.

नेस्टर, तिचा नवरा, रुळांकाठच्या धान्याच्या कोठारावर उभी हयात घालवलेला माणूस. ते लाकडी, मनोऱ्यासारखं उंच कोठार मैलोगणती दिसायचं. पंचक्रोशीतला गहू त्याच्याच काट्यावर चढला होता. वसंतात रेल्वेने गावात येणारा रुळांचा फाटा बंद केला. येत्या आठवड्यात कोठार पाडायला माणसं येणार होती. तेव्हापासून नेस्टर सकाळी निघून जायचा, रिकाम्या काट्याजवळ बसायचा आणि अंधार पडल्यावर परतायचा. जेवताना विचारलेल्याला उत्तर द्यायचा, एवढंच. त्याच्याबरोबर त्या कोठारातली थंड, पिठूळ हवा घरात यायची.

शेवटी ओरिस्यानेच सौदा केला होता. आज चंद्र बरोबर कोठाराच्या बाजूने उगवणार. नेस्टरने कोठारालगतच्या रुळांच्या बांधावर, दोन रुळांमध्ये उभं राहायचं. एकच फोटो. मग कोठाराची किल्ली देऊन टाकायची आणि उद्या लेकीकडे सस्काटूनला जायचं, परत कोठाराकडे फिरकायचं नाही. तो हो म्हणाला. तिला फोटोपेक्षा ते 'हो' हवं होतं.

बांधावर त्याला सोडताना तिने त्याच्या कोटाची कॉलर सारखी केली. पश्चिमेच्या पहिल्या आडरस्त्यावर मी थांबते, ती म्हणाली. फोटो झाला की गाडीचे दिवे उघडमीट करीन. तोवर हलू नकोस.

"पोट आत घेऊ का?"

कित्येक महिन्यांनी त्याने चेष्टा केली होती. तिचा जीव भांड्यात पडला.

पहिल्या आडरस्त्यावर तिने कॅमेऱ्याची तिपाई मांडली. कापलेल्या गव्हाची खुटं शेताच्या टोकापर्यंत सोनेरी दिसत होती. कुठेतरी पेंढा जळत होता. भिंगातून कोठार जवळजवळ चौकटभर दिसत होतं, नेस्टर त्याच्याशेजारी ठसठशीत. इथून चंद्र कोठाराच्या जेमतेम निम्म्या उंचीएवढा दिसला असता. आणखी एक रस्ता मागे गेलं, तर कोठाराएवढाच्या एवढा आला असता.

नेस्टरला तिने हा रस्ता सांगितला होता. पण अजून अवकाश होता. तिने तिपाई गाडीत टाकली आणि ती मागे गेली.

सूर्य बुडाला तसा गारठा पडला. बदकांचा एक थवा ओरडत दक्षिणेकडे गेला, आणि मग फार शांत झालं. इतकं, की तिला नेस्टरचा खोकला ऐकू आला, अगदी शेजारी उभा असल्यासारखा. थंड संध्याकाळी त्या मुलखात आवाज लांबवर जातो, हे तिला माहीत होतं. तरी तिने मागे वळून पाहिलं.

चंद्र उगवला. बांधामागून तांबूस कड वर आली, फुगत गेली आणि कोठाराशेजारी पुरी उभी राहिली. दोघांची उंची सारखी. त्या तांबूस तबकात नेस्टर जवाच्या दाण्याएवढा. तिने श्वास रोखून बटण दाबलं, फिल्म सरकवली, पुन्हा दाबलं. असा चंद्र हां हां म्हणता वर निसटतो, म्हणून घाई केली. रीळ संपलं.

चंद्र बांधावरच होता.

तिने थंड बोटांनी नवं रीळ घातलं. मान वर केली, तरी तो तिथेच टेकलेला. तिने हात लांब केला आणि करंगळी उभी धरली. नखाच्या दोन्ही बाजूंनी तांबूस उजेड बाहेर आला. तिने अंगठा धरला. मग पंजा.

कॅमेरा तिपाईसकट खुटांत तसाच सोडून ती गाडीत बसली. दिवे उघडमीट केले. दूर, त्या दाण्याने हात वर केला.

ती रस्त्यावर नजर ठेवून सुसाट निघाली. पहिला आडरस्ता मागे पडला. कोठार वाढत चाललं होतं. त्याच्या फळ्या दिसू लागल्या, मग उडालेला रंग, मग दारावरचं कुलूप. चाकांखालच्या खड्यांचा आवाज तिच्या कानात भरला होता. तिने मान वळवून चंद्राकडे पाहिलं.

नेस्टर जवाच्या दाण्याएवढाच होता.

बांधाच्या पायथ्याशी तिने गाडी थांबवली आणि हातांनी गवत धरत वर चढली. रूळ जागच्या जागी होते. त्याचा जेवणाचा डबा रुळावर ठेवलेला होता, नेहमीच्या आकाराचा. डब्याच्या पलीकडे, चंद्रासमोर, तो उभा होता. तिच्या करंगळीच्या पेराहूनही लहान. कॉलर सारखी केलेली दिसत होती.

"नेस्टर."

"अगं, किती मागे जातेस?" आवाज तिच्या कानाशी होता, त्याचा रोजचा, थोडा घोगरा. "पहिल्या रस्त्यावर थांबते म्हणालीस ना?"

"मी इथेच आहे. तुझ्यापुढे."

"गाडीचा ठिपका तेवढा दिसतोय. गारठलो मी, ये आता."

तिने पाऊल पुढे टाकलं. आणखी एक. डबा तिच्या बुटाला लागून कलंडला.

"पुन्हा मागे गेलीस," तो म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता. थकवा होता.

ती थांबली.

मग तिने हात पुढे केला, बोटं ताणून.

"ओरिस्या?" तो म्हणाला. "आता दिसत नाहीस."

त्यानंतर बोलणं आलं नाही. चंद्र तसाच बांधावर बसून होता, आणि त्याच्यासमोर आता काहीच नव्हतं. बांधावर दहिवर गोठायला लागलं होतं. रूळ, खडे, कलंडलेला डबा, सगळ्यावर पांढुरका थर धरत होता. तिच्या पावलांपुढे मात्र माणसाच्या लांबीरुंदीएवढी एक काळी जागा कोरडी राहिली होती.

ती गुडघ्यांवर बसली आणि तिने तिथल्या खड्यांवर तळहात टेकवला. नुकतंच कुणी उठून गेलेल्या अंथरुणासारखे ते उबदार होते.