मांडीभर जागा

सुज्ञ वाचकहो, पुढे जी हकीकत निवेदन करावयाची आहे, तिच्यात रक्तपात नाही, स्मशान नाही, की अमावास्येची काळीकुट्ट रात्रही नाही. एक पुरुष, दोन मांजरे आणि दुपारचे लख्ख ऊन, एवढेच तिचे भांडवल. तथापि ज्यांचे घर नुकतेच रिकामे झाले आहे, त्यांनी ती एकट्याने वाचू नये, इतकी विनंती प्रारंभीच करून ठेवतो.

दशरथराव परब बोरीवली पूर्वेस एका सोसायटीच्या तिसऱ्या मजल्यावर राहत असत. गिरणीचा संप फिसकटला, ते विणकर होते त्या साळखात्यातले माग कायमचे थंडावले, आणि उतारवयात त्यांना कांदिवलीच्या एका लहान कारखान्यात सामानाच्या कोठारावर नोकरी धरावी लागली. पहिली पाळी; दुपार कलंडली की घरी. एकुलती लेक सुलक्षणा लग्न होऊन मुलुंडला गेली होती. घरात उरली दोन माणसे आणि दोन मांजरे. गॅलरीतून राष्ट्रीय उद्यानाचे डोंगर दिसत. उन्हाळ्यात तिकडून सुक्या गवताचा वास येई आणि स्वयंपाकघरातल्या मासळीच्या वासात मिसळून जाई.

थोरला पाटील. नारिंगी, आडदांड बोका. बेल वाजली की हा सर्वांच्या आधी दाराशी हजर. पाहुण्याच्या चपला हुंगून पसंत पडल्या तरच वाट सोडी. दूधवाल्यावर गुरकावी, वर्तमानपत्रावर बसे, कोणाच्याही मांडीवर वतनदारासारखा चढे. धाकटी मुकी. राखेच्या रंगाची, गळ्याखाली पांढरा ठिपका. बेल वाजली की ती खाटेखालच्या ट्रंकेमागे. शेजारच्या कित्येकांना ती घरात आहे हेच ठाऊक नव्हते. तिने उभ्या जन्मात उंबरठा ओलांडला नव्हता, आणि दशरथरावांची पत्नी रत्नप्रभा, तिच्या मांडीवाचून दुसरी मांडी ओळखली नव्हती.

पिलू असताना मुकीच्या घशात बांगड्याचा काटा अडकला होता. रत्नप्रभेने बोट घालून तो काढला. जीव वाचला, आवाज मात्र गेला. मुकी तोंड उघडी, गुलाबी जीभ दिसे, पण ध्वनी उमटत नसे. तेव्हापासून रत्नप्रभा तिच्या वाट्याच्या मासळीतला काटा न् काटा वेची आणि बशीच्या कडेला ओळीने मांडून ठेवी. ओळीत खंड दिसला तर मासा पुन्हा चाचपी.

"माझ्या ताटातले काटे कधी काढलेस गं?" दशरथराव चेष्टेने विचारीत.

"तुम्हाला ओरडता येतं ना," ती म्हणे. "ओरडा की. पाटील आहेच साथीला."

माघातल्या एका दुपारी ते कामावरून आले, तेव्हा रत्नप्रभा गॅलरीच्या दाराशी आपल्या नेहमीच्या पाटावर भिंतीला टेकून बसली होती. पुढ्यात सूप, सुपात निवडलेले तांदूळ, मांडीत मुकी. डोळा लागला असेल, म्हणून त्यांनी चपला हळूच काढल्या आणि स्वतःच चहा टाकला. तिचा कप नेऊन हातात देऊ गेले, तेव्हा हात गार लागला. लोक जमले, रडारड झाली. तिला उचलेपर्यंत मुकी त्या मांडीवरून उतरली नाही.

रत्नप्रभेची थोरली बहीण वनमाला मालवणहून आली. दहाव्याच्या आदल्या संध्याकाळी तिने रत्नप्रभा गेली त्या जागी तांदळाचे पीठ पसरले, त्यावर दिवा लावून ठेवला आणि वर टोपली झाकली. गेलेला जीव ज्या जन्माला जातो, त्याचे पाऊल सकाळी पिठावर उठते, असा आमच्या कोकणात समज आहे. कधी पाखराचा पंजा उठतो, कधी गाईचा खूर, कधी तान्ह्या मुलाची पावले.

"मांजरांका आधी न्हाणीत घाला, भावजी," वनमाला म्हणाली. "नायतर आमची रत्ना बोक्याच्या जन्माक गेली म्हणतले लोक."

सकाळी टोपली उचलली. पीठ जसेच्या तसे होते, चाळणीतून नुकतेच पडल्यासारखे गुळगुळीत. वनमाला बराच वेळ वाकून पाहत राहिली.

"काय उठूक नाय," ती म्हणाली.

"म्हणजे काय समजायचं?"

पीठ सुपात भरताना, त्यांच्याकडे न पाहता, ती हळूच म्हणाली, "खंयच जाऊक नाय ती." कुठेच गेली नाही, हे ऐकताच सुलक्षणेने मावशीला डोळ्यांनी दटावले. तेरावे उरकताच वनमाला गावी परतली. निघताना तिने पाटाला वळसा घातला.

दशरथरावांनी हे मनावर घेतले नाही. मागापुढे आयुष्य काढलेल्या माणसाला ठाऊक असते की, धागा तुटला तर त्याला कारण असते. त्यांची चिंता निराळीच होती. मुकी अन्नाला तोंड लावीत नव्हती. ते आपल्या जाड बोटांनी काटे काढून बशी खाटेखाली सरकवीत आणि फरशीवर पालथे पडून तिची मनधरणी करीत. "खा गं. मी काय परका आहे?" मुकी त्यांच्या खांद्यावरून पलीकडे पाहत राही. या जगात रत्नप्रभेवाचून अडलेले दोनच जीव उरले होते, आणि त्यांतला एक दुसऱ्याला ओळख देत नव्हता.

एके दिवशी निघायला उशीर झाला. मनोरीच्या कोळणीकडून घेतलेली मांदेली त्यांनी तशीच, काट्यांसकट, बशीत टाकली. कोठारात पोचल्यावर चूक ध्यानी आली आणि दिवसभर त्यांच्या स्वतःच्याच घशात काहीतरी टोचत राहिले. घरी येऊन धावतच त्यांनी बशी पाहिली.

बशी स्वच्छ होती. कडेला काटे ओळीने मांडलेले होते.

पाटीलने खाल्ले म्हणावे, तर पाटील काट्यांसकट, डोक्यासकट खाणारा. दुसऱ्या दिवशी त्यांनी पाटीलला स्वयंपाकघरात कोंडले, बशीत अख्खा बांगडा ठेवला आणि निघताना बाहेरच्या दाराचे कुलूप दोनदा ओढून पाहिले. किल्ली एकच, ती त्यांच्या खिशात. दुपारी परतले, तो पुन्हा तीच ओळ; मोठे काटे एका बाजूला, बारीक दुसऱ्या. त्यांनी कारण शोधले. खिडक्या तपासल्या, गज तपासले. कारण सापडले नाही.

मुकी अंगाने भरू लागली. तिच्या केसांवर तकाकी आली. पाटील मात्र पार बदलला. तो गॅलरीच्या दाराकडे फिरकेना. मधल्या खोलीत शेपूट फुलवून उभा राही आणि पाटाच्या दिशेने पाही. त्याची नजर जमिनीलगत नसे. बसलेल्या बाईचे तोंड जेथे यावे, तेथे ती खिळलेली असे.

सुलक्षणा भेटायला आली, तेव्हा तिच्याही हे लक्षात आले.

"बाबा, हा असा काय बघतोय?"

"म्हातारा झाला."

"तुम्ही काय कमी झालात? आरशात बघा जरा, नुसता सांगाडा राहिलाय. चला ना मुलुंडला. पोरं पाटीलसाठी जीव टाकतात. सासूबाईपण हो म्हणाल्यात, आता नाही म्हणू नका."

"आणि मुकी?"

"ती कुणाला सापडणार आहे, बाबा? उचलायला गेलं की रक्त काढते. खालच्या काकूंकडे किल्ली देऊ, त्या खायला घालतील. मी रविवारी येते न्यायला."

दशरथरावांनी मान डोलावली. त्या घरात मुकीला कोणीतरी होते. त्यांना नव्हते.

शनिवारी कारखान्यातली वीज गेली आणि ते भर दुपारी घरी परतले. दार उघडताच पाटील मुकाट्याने त्यांच्या पायांना चिकटला. तो थरथरत होता. गॅलरीतून सुक्या गवताचा वास येत होता. दारातून ऊन आत आले होते. पाट नेहमीच्या जागी होता.

मुकी झोपली होती.

पाटावर नव्हे. पाटाच्या वर, वीतभर उंचीवर, शेपूट नाकाशी घेऊन, गोल. तिच्याखाली पाटावर ऊन पडले होते. तिच्या पाठीवरची लव मानेपासून शेपटीपर्यंत दबत जाई, पुन्हा उठे, पुन्हा दबत जाई.

दशरथरावांनी भिंत धरली.

"रत्ना," ते म्हणाले.

लव दबायची थांबली. मुकीने एक डोळा उघडला, त्यांच्याकडे पाहिले आणि मिटून घेतला.

"उद्या जातोय मी. सुलीकडे."

खूप वेळाने लव पुन्हा दबू लागली.

रविवारी त्यांनी पिशवी भरली, पाटीलला झाकणाच्या टोपलीत घालून दाराशी ठेवले आणि भात-बांगड्याचे ताट वाढून हात धुवायला गेले. परत आले, तो ताटातला मासा मोकळा होऊन पडला होता. कडेला काटे होते. ओळीने.

ते कितीतरी वेळ ताटाकडे पाहत बसले. मग त्यांनी भात कालवला आणि पोटभर जेवले.

बेल वाजली. त्यांनी दार उघडले.

"झालं ना, बाबा? रिक्षा खाली थांबवलीय." सुलक्षणेने टोपली उचलली. आत पाटील आक्रोश करीत होता. "किती ओरडतोय हा. याला ठेवून येते, तुम्ही पिशवी घ्या."

दशरथरावांनी पाऊल उचलले. ते उंबरठ्यापर्यंत गेले आणि मागे आले.

"बाबा? काय झालं?"

त्यांनी तोंड उघडले. जीभ हलली. ध्वनी उमटला नाही.

"आलेच मी," असे म्हणून ती जिना उतरू लागली.

त्यांनी दार लावून घेतले, कडी घातली आणि गॅलरीकडे वळले. मुकी जागी होती. तिने अंग ताणले, एका कडेला सरकली आणि उरलेल्या जागेकडे पाहत राहिली.

खालून पाटीलचा आवाज येत होता.

दशरथराव फरशीवर आडवे झाले. त्यांनी डोके पाटावर टेकवण्यासाठी खाली नेले.

डोके पाटापर्यंत पोहोचले नाही; वीतभर वरच टेकले.

वाचकहो, या रिकाम्या घरात आपण माझ्यासोबत इथवर आलात, त्याबद्दल मी आपला अंतःकरणपूर्वक आभारी आहे.

मधुकर राजाराम तावडे, घाटकोपर