दोन मिलिमीटरचा जोड

सदाशिव पेठेत चुकीच्या दुकानात शिरणं सोपं असतं. तिथून अपमान न होता बाहेर पडणं अवघड. सात वर्षं पुण्यात काढून सत्यशीलाला हे कळायला हवं होतं. तरी ऑक्टोबरातल्या एका टळटळीत शनिवारी ती टॅब छातीशी धरून एका छपाईच्या दुकानात शिरली आणि म्हणाली, "हे चित्र मला कापून हवंय."

काउंटरवरच्या गृहस्थांनी चष्म्यावरून पाहिलं. "आम्ही छापतो. कापतात ते शेजारी."

"शेजारी म्हणजे—"

"शेजारी म्हणजे शेजारी. याहून जवळ आम्हाला आणता येणार नाही."

"थँक्यू," ती म्हणाली. गृहस्थांना शब्द ओळखीचा वाटला नाही.

शेजारी एक खोली होती, खोलीत एक यंत्र, आणि यंत्राशेजारी एक सावळा, शिडशिडीत तरुण चिमट्याने चिकट मॅटवरून कागदाचा पोपट सोडवत होता. श्वास रोखून. घाम त्याच्या कानामागून ओघळत होता. वर पंखा होता आणि तो बंद होता.

"जरा पंखा लावता का?"

"नाही."

"बिघडलाय?"

"छे, उत्तम चालतो." त्याने पोपट उचलून ताटात ठेवला. "म्हणून तर लावत नाही."

ताटात लग्नपत्रिकांवर चिकटवायचे नखाएवढे पोपट दाटीने बसले होते. सत्यशीलाने ओढणीने वारा घ्यायला उचललेला हात खाली घेतला. आणि उगाचच आपला श्वासही हळू केला.

"थँक्यू," तो म्हणाला. "दाखवा चित्र."

चित्र सुंदर होतं, हे तिला माहीत होतं. आयटी कंपनीत दिवसभर ॲपची बटणं गोल ठेवावीत की चौकोनी या गहन प्रश्नावर काम करून, उरलेल्या वेळात तिने ते काढलं होतं. खुर्चीत बसलेली चष्मेवाली बाई, नऊवारी नसली तरी डोक्यावर पदर, गालावर उन्हाच्या चाळीस छटा.

त्याने बराच वेळ पाहिलं. "छानच आहे. पण यंत्राला हे दिसणार नाही."

"म्हणजे?"

"त्याला रंग दिसत नाहीत. सावल्या दिसत नाहीत. त्याला फक्त रेघ दिसते. आणि जी रेघ कुठे टेकलेली नाही, तिच्या आतलं सगळं गळून पडतं. आधी साध्या रेघांत उतरवावं लागेल, मग जागोजागी जोड ठेवावे लागतील."

"जोड दिसतात. चेहरा बिघडेल. आहे तसंच कापा."

त्याने फाइल यंत्राला दिली. पुण्यात राहून तो एवढं शिकला होता की गिऱ्हाइकाला अक्कल सांगू नये, त्याला ती मिळू द्यावी. यंत्र घरघरलं. मग त्याने कागद मॅटवरून अलगद सोडवला, आणि डोळे, चष्मा, टिकली, नाक असं सगळं टेबलावर गळून पडलं. हातात उरलं चेहऱ्याच्या आकाराचं भोक.

"गेल्या," तो म्हणाला.

"अहो, असं नका ना बोलू! आत्या आहे ती माझी!"

त्याने जीभ चावली. ती हसली... आणि हसता हसता तिचे डोळे भरून आले, त्यामुळे तिला सगळं सांगावं लागलं.

शकू आत्याचे यजमान खडकीच्या दारूगोळा कारखान्यात होते. एकतीस तारखेला निवृत्त होणार. मग क्वार्टर सोडायचं आणि वाशीमकडे, गावी. सत्यशीला बारावीनंतर चार महिन्यांसाठी म्हणून त्यांच्याकडे आली होती. ते चार महिने सात वर्षं चालले. आत्याने तिला डबा दिला, तापात पट्ट्या ठेवल्या, परीक्षेच्या काळात काकांचं घोरणं बाहेर ओसरीवर हलवलं. आणि इतक्या वर्षांत सत्यशीलाने तिला एकदाही आभाराचा शब्द म्हटला नव्हता.

"म्हणायचं की," तो म्हणाला.

"आत्याला? तोंडावर? ती कपाळाला हात लावून ताप बघेल."

ते त्याला पटलं. आपल्याकडे आभार हा कार्यक्रमातला शेवटचा भाग असतो आणि तो सुरू झाला की लोक चपला शोधायला उठतात. म्हणून तिने स्क्रॅपबुक करायचं ठरवलं होतं. पानापानावर कापलेली चित्रं: क्वार्टरचं दार, आत्याचं शिलाई यंत्र, काकांची सायकल. आत्या जाण्याआधी ते हातात पडायला हवं होतं. नाहीतर ते म्हणायचं राहून गेलं, असंच झालं असतं. कायमचं.

"फाइलला नाव काय देऊ?" त्याने विचारलं.

"सत्यशीला. तुमचं?"

"उत्तरेश्वर. पण इथले लोक उत्तम म्हणतात. पूर्ण नावाला त्यांना वेळ नसतो."

"मला आहे," ती म्हणाली, आणि आपण काय म्हणालो हे कळल्यावर टॅबमध्ये काहीतरी शोधू लागली.

पुढचे पंधरा दिवस ती कंपनीतून सुटली की यायची. तो तिला शिकवायचा: सावली टाकून द्या, रेघ जाड करा, चष्म्याची दांडी कानाला टेकवा, टिकली भुवईला बारीक धाग्याने बांधा. जोड दोन मिलिमीटरचा. कमी ठेवला तर तुटतो, जास्त ठेवला तर डोळ्यांत येतो. ती प्रत्येक गोष्टीला थँक्यू म्हणायची. चिमटा दिला, थँक्यू. चहा आला, थँक्यू. स्टूल सरकवलं, थँक्यू.

"तुमच्या तोंडाला जोड ठेवायला हवेत," तो एकदा म्हणाला. "फारच गळतं."

"आणि तुमच्या तोंडाला एखादं भोक पाडायला हवं. दिवसभरात काहीच बाहेर येत नाही."

त्याचे कान लाल झाले. उकाड्याने असतील; पंखा बंदच होता.

शेवटचं पान उरलं. क्वार्टरच्या पायऱ्यांवर काका, शेजारी आत्या, आणि कडेला, जरा दूर, एक मुलगी. त्याने पडद्यावर त्या मुलीवर बोट ठेवलं.

"ही पडणार."

"का?"

"कुणालाच टेकलेली नाही. इतकी लांब का उभी केलीत?"

सत्यशीलाने चित्राकडे पाहिलं. तिने ते विचार करून काढलंच नव्हतं. हात आपोआप कडेला गेला होता. पाहुण्यांच्या फोटोत पाहुणे उभे राहतात, तसा.

"म्हणजे... त्यांचा फोटो आहे ना. आपण मध्येच कुठे..."

"सात वर्षं मध्येच होतात," उत्तरेश्वर हळूच म्हणाला. "धरायला लावा काहीतरी. तुमच्या हातून होत नसेल तर मी करू?"

तिने मान हलवली. त्याने मुलगी उचलली, आत्याजवळ आणली, आणि तिचा हात पदराच्या टोकाला जोडला. दोन मिलिमीटर. मग बराच वेळ दोघंही त्या जोडाकडे बघत राहिली. चित्रातल्या जोडाकडे बघणं सोपं होतं... एकमेकांकडे बघण्यापेक्षा.

"आज तुम्ही एकदाही थँक्यू म्हणाला नाहीत," तो म्हणाला.

"हो का?" तिलाही आश्चर्य वाटलं.

एकतीस तारखेला काका हार घालून घरी आले. शकू आत्याने हात धुऊन, पदराला पुसून, स्क्रॅपबुक मांडीवर घेतलं. दार उघडलं, सायकल आली, शिलाई यंत्र आलं. शेवटच्या पानावर ती थांबली आणि पदर धरलेल्या त्या एवढ्याशा हातावरून तिने बोट फिरवलं.

"हे कुनं जोडलं वं?"

"त्या... दुकानातल्यांनी."

"एवढी शिकली, अन् माह्या पदर धराले तुले दुकानात जावं लागलं?"

सत्यशीलाने तिच्या खांद्यावर डोकं टेकलं. आत्याने कपाळाला हात लावून पाहिला. ताप नव्हता. हात मात्र तिथेच राहिला.

"आत्या, मला तुझे आभार—"

"गप. घरच्याचे आभार मानत असतेत का? आभार परक्याचे मानाव." मग तिने चष्म्यावरून पाहिलं. "त्या पोराचे मानले?"

"तो काही पर—" सत्यशीला थांबली.

आत्याने पान मिटलं. तिला चष्मा न लावताही बरंच दिसायचं.

दुसऱ्या दिवशी, दुपारीच, ती सदाशिव पेठेत पोहोचली. उत्तरेश्वर कुणाच्या तरी बारशाचे हत्ती ताटात मांडत होता. तिला पाहून चिमटा हातातच राहिला.

"आवडलं त्यांना?"

"हो. आणि आत्या म्हणाली, तुमचे आभार मान."

"मग माना." तो हसला, पण नजर हत्तींवरच.

"नाही मानणार."

"का बरं?"

"आमच्याकडे घरच्यांचे मानत नाहीत," सत्यशीला म्हणाली. "फक्त परक्यांचे मानतात." इतकी सरळ रेघ तिने आयुष्यात ओढली नव्हती.

त्याने चिमटा खाली ठेवला. मग कान, मग गाल, मग सगळाच लाल झाला. "तुम्हाला... फार उकडत असेल ना," असं काहीतरी तो म्हणाला, आणि त्या दुकानात कधीच न झालेली गोष्ट झाली. त्याने पंखा लावला.

सगळे हत्ती उडाले. तिच्या केसांत बसले, त्याच्या खांद्यावर, चहाच्या कपात, उघड्या दारातून थेट शेजारी. तिथून आवाज आला, "आम्ही छापतो! हत्ती पाळत नाही!"

दोघं गुडघ्यांवर बसून हत्ती वेचत होती. एका हत्तीपाशी दोन्ही हात एकदम पोहोचले, आणि कुणीच मागे घेतला नाही.

पंखा चालूच होता.