भीमाची वाक्यं

हे खरं आहे.

पटवून द्यायची ताकद आता माझ्यात नाही. तसं मला कधीच कुणाला काही पटवून देता आलेलं नाही. पण हे घडलं. मागच्या मे महिन्यात, नागपुरात, मनीषनगरच्या एका फ्लॅटमध्ये. आणि रात्री नाही, भर दुपारी.

आधी थोडं मागचं सांगतो.

तरुणपणी मी आणि माझा मित्र प्रेमानंद, आम्ही टीव्हीसाठी एक विनोदी मालिका लिहिली होती. 'खाट तुझी, खिडकी माझी'. नागपूरच्या महाल भागातल्या एका भाड्याच्या खोलीत राहणारे दोन ब्रह्मचारी. वामन नीटनेटका, भीमा गबाळा. बस, एवढंच.

आमची लिहायची पद्धत वेगळी होती. समोरासमोर दोन खुर्च्या. मी वामनचं बोलायचो, तो भीमाचं. जमलं की मी कागदावर उतरवायचो. एकमेकांच्या वाक्याला हात लावायचा नाही, हा नियम. माझ्या घरच्या वेताच्या खुर्चीत बसून प्रेमानंद भुईमुगाच्या शेंगा फोडत राहायचा. एक शेंग फुटली की समजायचं, आता वाक्य येणार.

टक्... आणि मग वाक्य.

लोक भीमालाच हसायचे. वामनला कुणी हसल्याचं मला आठवत नाही. मी लिहून घेणारा कारकूनच होतो, असं मला आजही वाटतं.

करोनात प्रेमानंद गेला. शेवटचं बघायलाही मिळालं नाही.

मग या वर्षी सोनिकाचा फोन आला. ही तरुण दिग्दर्शिका तीच मालिका आजच्या प्रेक्षकांसाठी नव्याने करणार होती. पण चॅनेलवाल्यांना भीमा नको होता. असा माणूस आता चालत नाही, त्याच्याऐवजी एखादी स्मार्ट मुलगी आणू, असं त्यांचं म्हणणं. सोनिकाने कशीबशी एक संधी मिळवली होती. पहिल्या भागाचं वाचन करायचं. भीमाला हशा मिळाला तर तो राहील, नाहीतर गेला.

माझ्याकडे प्रेमानंदचं दुसरं काही उरलेलं नव्हतं. भीमा गेला की तोही पुरता जाणार होता.

महिनाभर एकट्याने लिहिलं. वामनची वाक्यं आली. भीमाच्या जागी काहीतरी भरलं.

मनीषनगरच्या त्या फ्लॅटमध्ये वाचनाला चॅनेलची माणसं आली होती. दोघा नटांपैकी सौरव वामनचं वाचत होता, स्वानंद भीमाचं. स्वानंद पुण्याचा. आमची नागपुरी बोली तो जपून, एकेक शब्द उचलून ठेवल्यासारखा बोलायचा.

पहिली पानं झाली. कुणी हसलं नाही. मी माझ्या चपलांकडे बघत बसलो.

तेवढ्यात लाइट गेली. एसी थांबला. खोली एकदम शांत झाली.

सौरवने वामनचं वाक्य वाचलं, "भीमा, टॉवेल ओला कसा? मी तर आज आंघोळच केली नाही."

आणि मग...

टक्.

शेंग फुटल्याचा आवाज. माझ्या अगदी जवळ.

स्वानंद म्हणाला, "तुह्या वाटची आंघोळ करून घेतली गा. नळ जाऊन राहिले होते."

सगळे हसले. चॅनेलवालेही.

मी नाही हसलो. हे वाक्य माझं नव्हतंच. कागदावर मी लिहिलं होतं, 'चुकून वापरला.'

पुढे प्रत्येक वेळी तेच. वामनचं वाक्य... टक्... आणि हशा. मी वाकून टेबलाखाली बघितलं. फरशी स्वच्छ होती. एकही टरफल नव्हतं.

वाचन संपल्यावर स्वानंदला विचारलं, वाक्य का बदललंस. तो गोंधळला. "काका, मी लिहिलंय तेच वाचलं ना," म्हणाला, आणि कागद पुढे केला. त्यावर 'चुकून वापरला' असंच होतं.

चॅनेलची माणसं गेल्यावर सोनिकाने फोनवरचं रेकॉर्डिंग लावलं.

सौरवचा आवाज आला. टॉवेल ओला कसा...

मग...

टक्.

त्यापुढे काहीच नाही... आणि सगळ्यांचं हसणं.

स्वानंदचा आवाज त्यात कुठेच नव्हता. सगळे एका रिकाम्या जागेला हसत होते.

सोनिकाने फोन बंद केला. मग हळू म्हणाली, "काका, भीमा राहतोय. तुम्ही फक्त लिहून द्या." त्या रेकॉर्डिंगचा विषय तिने पुन्हा काढला नाही.

घरी आलो आणि माळ्यावरची वेताची खुर्ची खाली काढून समोर मांडली. दुसऱ्या दिवशी दुपारी वामनचं वाक्य बोललो. थांबलो.

टक्...

तेव्हापासून भीमा येतो. मी लिहून घेतो. भाग पटापट झाले. भीती वाटली नाही असं नाही, पण बरंही वाटायचं.

मागच्या आठवड्यात मी फार थकलो होतो. खुर्चीत बसलो, तोंड उघडणार...

समोरून वामनचं वाक्य आलं.

आधी घसा खाकरला, मी खाकरतो तसा. मग वाक्य. माझ्या आवाजात.

मी कसाबसा म्हणालो, "प्रेमानंद, हे माझं आहे गा."

टक्.

"तू थकून राहिला गा. तुह्या वाटचं बी बोलून घेतो."

त्यानंतर मी बोलत नाही. दोन्ही बाजू तिकडूनच येतात. परवा सोनिकाचा फोन आला होता. म्हणाली, काका, आता वामनही हसवतो. एवढ्या वर्षांत हे मला कुणी म्हटलं नव्हतं.

आज दुपारी तहान लागली. बायकोला हाक मारली, "उत्तरा, पाणी दे." ती स्वयंपाकघरात होती. ओ दिली नाही. पुन्हा मारली. तिला ऐकूच गेलं नाही.

मग समोरून हाक आली. "उत्तरा, पाणी दे."

"आणते जी," ती लगेच म्हणाली.

पेला तिने वेताच्या खुर्चीपुढे ठेवला आणि निघून गेली.

हे मी लिहितो आहे. म्हणजे हात तरी अजून माझाच असावा... असं धरून चाललो आहे.