सिराजची झेंडी

आखातातल्या गाला नावाच्या वसाहतीत, गॅरेजच्या गच्चीवर जेवणं उरकली की तय्यबचाचांभोवती पोरं जमतात. त्या रात्री जुनैदने विचारलं, "चाचा, मसीरा बेटावरचा तो समुद्राकाठचा रस्ता कसा आहे हो? सुट्टीत जायचं म्हणतोय."

चाचांनी चहाचा कप खाली ठेवला. "रस्ता झकास. पण त्याचा इतिहास लिहायला निघालेल्या एका शहाण्याची गोष्ट ऐक, मग जा."

त्या शहाण्याचं नाव स्वरूप. रस्त्याच्या कंपनीत इंजिनिअर, आणि तोरा असा की समुद्रसुद्धा यानेच खणला. पर्यटकांसाठी कंपनी रस्त्याच्या इतिहासाची पुस्तिका काढणार होती. आधी कोळ्यांची पायवाट, मग गाड्यांची चाकोरी, मग डांबर, सगळं यानेच लिहिलं. पुस्तिका निघाली की मॅनेजरची खुर्ची याला मिळायची होती. शेवटी वाक्य टाकलं, 'सात वर्षांपूर्वी हे काम एकाही मृत्यूशिवाय पूर्ण झालं.'

"खोटारडा!" चाचा म्हणाले. "मी तिथेच रोलर चालवत होतो."

काम चालू असताना रस्त्याची एकच बाजू खुली असायची. दोन टोकांना दोन माणसं. या टोकाचा माणूस शेवटच्या गाडीवाल्याच्या हाती झेंडी द्यायचा, त्याने ती पलीकडच्याला द्यायची. झेंडी आली म्हणजे रस्ता रिकामा. ती येईपर्यंत जागा सोडायची नाही, हा नियम. मे महिन्यातल्या एका दुपारी, जेवणाच्या सुट्टीआधीची शेवटची गाडी स्वरूपची होती. पलीकडे राजापूरचा सिराज हात पुढे करून उभा. काच खाली केली तर एसीची हवा जाईल, म्हणून हा नमुना थांबलाच नाही. झेंडी मागच्या सीटवर फेकली आणि थेट जेवायला गेला. सिराजला वाटलं, झेंडीवाली गाडी अजून मागे आहे. तो उन्हात उभाच राहिला. तीन वाजता लोक परतले तेव्हा तो मरून पडला होता. कागदावर लिहिलं गेलं, हृदय कमजोर होतं. स्वरूपने तोंड उघडलं नाही.

आता २०१७. अकरा मे, गुरुवार, पौर्णिमा उलटून एकच दिवस झालेला. मुखपृष्ठासाठी चांदण्यातला फोटो हवा म्हणून स्वरूप रात्री साडेअकराला एकटाच जीप घेऊन निघाला. फोटो मनासारखा आला. परत फिरला, तर वळणावर एक माणूस गाडीला हात करत होता.

स्वरूपने काच चार बोटं खाली केली. "काय रे? कुठल्या कॅम्पचा तू? हट बाजूला!"

फटीतून झेंडी आत आली. "साहेब, शेवटची गाडी तुमचीच. पलीकडे द्या."

"रिकामटेकडे साले," म्हणत त्याने काच वर केली.

चार किलोमीटरवर कुणीतरी हात पुढे करून उभं होतं. स्वरूप थांबला नाही. पुढच्या वळणावर... तोच हात. त्याच्या पुढच्या वळणावर... तोच.

त्याने ब्रेक मारला. खाली उतरला. मध्यरात्र होती. पण ऊन लागत होतं. चांदण्यात... भर दुपारचं ऊन.

त्याने सीटवर पाहिलं. झेंडी नव्हती. सीटखाली नव्हती. मागेही नव्हती.

"साहेब... झेंडी?" पुढे केलेला तो हात आता समोरच होता.

स्वरूपने रिकामे हात दाखवले.

"मग उभे राहा. मागची गाडी येईल."

पहाटे कोळ्यांना तो सापडला. जीप चालू, एसी चालू, आणि हा रस्त्यात हात पुढे करून उभा. ओठ फुटलेले, तोंड भाजलेलं. सूर्य अजून उगवायचा होता. चौघांनी ओढलं तरी जागा सोडेना. "झेंडी आली नाही," एवढंच म्हणत होता.

"हॉस्पिटलात मला बोलावून सगळं सांगितलं. ते वाक्य खोडा म्हणाला, सिराजचं नाव घाला म्हणाला." चाचा बाजूला थुंकले. "सात वर्षांनी अक्कल आली! पुस्तिका बारगळली, खुर्ची दुसऱ्याला गेली."

"आणि... तो माणूस, चाचा?"

चाचांनी गार झालेला चहा बाजूला सारला.

"स्वरूप सापडला ती जागा मी जाऊन पाहिली. सात वर्षं मुरलेलं डांबर, पहारीलाही दाद न देणारं. त्यात दोन पावलं रुतलेली होती. अनवाणी. बोटभर खोल."

"त्याचीच असतील," जुनैद कसाबसा म्हणाला.

"स्वरूपच्या पायांत बूट होते."