बाबा तो शब्द उगाच लावत नाहीत

विश्वास ठेवायचा तर ठेवा. मीठमसाला लावायची मला हौस नाही, आणि ज्या घरात हे घडलं त्याच घरात बसून मी लिहितेय.

बाबा जुन्या काळातले वार्ताहर. तेव्हाच्या बातमीत मेलेला माणूस नुसता मेलेला नसे, तो 'दुर्दैवी' असे. दुर्दैवी इसम. दुर्दैवी विवाहिता. दुर्दैवी चालक. आई त्यांना चिडवायची, मी गेल्यावर तरी दुसरा शब्द शोधा म्हणायची.

पण बाबांचा एक नियम होता. मृत्यूची स्वतः खात्री केल्याशिवाय तो शब्द लावायचा नाही. माणूस कितीही अत्यवस्थ असो, तोवर तो 'जखमी'च.

आता त्यांना दिसत नाही. दुपारी मी पेपर वाचून दाखवते. हल्लीच्या बातम्यांत तो शब्द फारसा येत नाही. मग कोणी मेलं की बाबाच मध्ये घालतात.

गेल्या हिवाळ्यातला तो शनिवार. ताई बसने आमच्याकडे यायला निघाली होती. वाचता वाचता मी सहज म्हटलं, ताई निम्म्या वाटेवर आली असेल.

"दुर्दैवी," बाबा म्हणाले.

मी पेपर खाली ठेवला.

"बाबा, मी ताईचं बोलतेय."

"ऐकलं मी."

मी भडकलेच. हे काय अभद्र बोलणं? मी ताईला फोन लावला. रिंग वाजत राहिली... कोणी उचलला नाही. मी दाराशीच कान देऊन बसले.

दिवेलागणीला बेल वाजली.

ताई! धडधाकट, हसत. मी तिच्या गळ्यात पडून रडले. फोन, बॅग, सगळं बसमध्ये विसरले म्हणाली. वेंधळी आहेच ती.

मग लक्षात आलं...

आमच्या दाराशी येणाऱ्या लाकडी जिन्याची मधली पायरी करकरते. मांजर चढलं तरी करकरते.

आज करकरली नव्हती.

ताई हातपाय धुवायला गेली तेव्हा बाबांच्या कानाशी लागून मी पायरीचं सांगितलं. वर म्हटलं, ताई आली, आता तरी तो शब्द मागे घ्या.

त्यांनी माझा हात घट्ट धरला.

"जिवंत माणसाला मी तो शब्द कधी लावलेला नाही."

पायरीचं मी दुसऱ्या कोणालाच सांगितलं नाही.

ताई आता आमच्याकडेच राहते. जेवते, हसते, माझी थट्टा करते. मला ती हवी आहे, अगदी मनापासून. बाबांचं वय झालंय, अशी मी स्वतःची समजूत घालते.

तिचा जुना नंबर अधूनमधून लावून बघते. अजून रिंग वाजते...

आणि एक गोष्ट. त्या दिवसानंतर ताई जिना चढताना मधल्या पायरीवर थांबते. दोन्ही पाय ठेवते. जोर देते...

करर्र.

मग वर माझ्याकडे बघून विचारते, "आलं ना गं ऐकू?"